शत्रुबळाची पारख : असईचे उदाहरण

युद्धकाळी शत्रुसैन्याची पारख केवळ शिरगणतीने होत नाही, हे वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून आम्ही असईच्या लढाईचा दाखला घेतो. इ. स. १८०३ मध्ये दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्याशी कंपनीचे युद्ध जुंपले. शिंद्यांच्या कवायती पलटणी परक्या अंमलदारांच्या हाती होत्या. हे वैगुण्य हेरून कंपनीने जाहीरनामा काढताच त्यांतील कित्येक इंग्रज अंमलदार चाकरी सोडून गेले.

२३ सप्टेंबर रोजी केळणा नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून, तेथे उतार असलाच पाहिजे, असे आर्थर वेलस्लीने ताडले व मराठ्यांच्या बगलेवर चाल केली. तो तर्क खरा ठरला; परंतु या पलटणींना ऐन वेळी मोहरा फिरविता येणार नाही, हा अंदाज साफ चुकला. पोलमनच्या हुकुमाखालील पलटणींनी शिस्तीने तोंड फिरविले. तोफांनी असा कहर केला की, विजयी होऊनही इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. पुढे खुद्द वेलस्लीनेच या पायदळाची तारीफ केली.

दोघे सरदार मात्र रण सोडून आधीच निघून गेले होते. तेव्हा बळ शिपायांत होते, उणीव धुरीणांत होती. पराभवाचा दोष सरसकट शिपायांच्या माथी मारणे म्हणजे, शत्रूने जे ओळखले ते आपण नाकारणे होय, असे आमचे मत आहे.