पृथ्वीचा आकार आणि पर्वतांची उंची : माहुलीच्या संदर्भात

शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्याची उंची २,८१५ फूट, म्हणजे ८५८ मीटर, अशी दिली जाते. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा होय. परंतु शहापूर-मुरबाडच्या परिसरात समुद्र नाही. तेव्हा किल्ल्याखाली ही सपाटी मानावयाची कोठे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. परिवलनामुळे ती विषुववृत्तावर फुगलेली असून तेथील त्रिज्या सुमारे ६,३७८ कि.मी., तर ध्रुवाकडील सुमारे ६,३५७ कि.मी. भरते. त्यामुळे भूकेंद्रापासून अंतर मोजल्यास पर्वतांची क्रमवारीच बदलते. इक्वेडोरमधील चिंबोराझो (६,२६३ मी.) विषुववृत्तालगत असल्याने एव्हरेस्टपेक्षा (८,८४८.८६ मी.) केंद्रापासून सुमारे दोन कि.मी. अधिक दूर ठरतो. याच रीतीने गणित केले असता माहुलीच्या माथ्याचे अंतर सुमारे ६,३७६.६ कि.मी. येते, आल्प्समधील माँ ब्लाँचे, तो ४,८०० मीटरांहून उंच असूनही, केवळ ६,३७२ कि.मी.च्या आसपास. इतकेच काय, मुरबाडच्या भातखाचराचा बांधही मग माँ ब्लाँपेक्षा उंच म्हणावा लागेल!

अशी उंची व्यवहारात निरुपयोगी ठरते, कारण पाणी ती मानीत नाही. मिसिसिपी नदीचे मुख उगमापेक्षा भूकेंद्रापासून सुमारे सहा कि.मी. दूर आहे, तरी नदी मुखाकडेच वाहते. पाण्याचा उतार ठरतो तो गुरुत्वाकर्षण व परिवलन यांच्या एकत्रित परिणामाने. भातसा धरणाचे पाणी मुंबईस नेताना हीच पातळी विचारात घ्यावी लागते.

शांत समुद्राचा पृष्ठभाग जमिनीखालूनही कल्पनेने पुढे नेला, की जे किंचित उंचसखल पृष्ठ मिळते त्यास जिऑइड म्हणतात. भारतात उंचीचा पाया १९०९ मध्ये निश्चित झाला, तो नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. मुंबईचे अपोलो बंदर त्यांपैकी एक.

उपग्रहाधारित जीपीएस मात्र मुळात गणिती विवृत्ताभापासून, म्हणजे ध्रुवांकडे चपट्या अशा आदर्श गोलापासून, उंची काढते. श्रीलंकेच्या दक्षिणेस जिऑइड या विवृत्ताभाखाली शंभर मीटरांहून अधिक खोल गेला आहे; उत्तर कोकणात ही तफावत सुमारे साठ मीटर आहे. परिणामी माहुलीची विवृत्ताभावरील उंची ८०० मीटरांच्या जवळपास येते. अनेक यंत्रे ही दुरुस्ती आतच करतात, काही करीत नाहीत. म्हणून माथ्यावर घेतलेल्या नोंदीत उंची कोणत्या पृष्ठापासूनची, हे लिहिणे आवश्यक असते. अन्यथा दोन्ही वाचने अचूक असूनही त्यांपैकी एक चुकीचे मानले जाते, आणि बहुधा दोष यंत्राला दिला जातो.