कागदी मैदानावरील अंतिम मालिका

शाळेच्या मागच्या बाकावर बसून पुस्तकातले क्रिकेट कधीच खेळला नाही असा विद्यार्थी आपल्या देशात विरळाच. क्रमिक पुस्तक मिटावयाचे, डोळे झाकून ते कोठेतरी उघडावयाचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहावयाचा. दोन आला की दोन धावा, चार आला की चौकार, सहा आला की षट्कार आणि शून्य आले की फलंदाज तंबूत परत! गुरुजींची नजर चुकवून वहीच्या शेवटच्या पानावर असे कितीतरी कसोटी सामने पार पडले आहेत. पंजाबपासून केरळपर्यंत या खेळाचे नियम गावोगावी थोडे बदलतात, पण त्यातील गोडी एकच आहे.

आपल्याकडे ही गंमत बहुधा शाळेबरोबरच संपते. अमेरिकेत मात्र हिच्याच एका थोरल्या बहिणीने गेली कित्येक दशके प्रौढ, व्यवसायी, संसारी माणसांना वेड लावले आहे. तेथील लोकप्रिय खेळ म्हणजे बेसबॉल. त्याचे संपूर्ण हंगाम, आठ-आठ संघांच्या साखळी स्पर्धा आणि त्यांच्या शेवटी येणाऱ्या निर्णायक मालिका ही माणसे घरातील मेजावर, पत्ते आणि फासे घेऊन खेळतात. अलीकडे हेच काम गणकयंत्रावरही होते. मैदान नाही, चेंडू नाही, प्रेक्षक नाहीत. तरीही मालिकेच्या सातव्या सामन्यात फासे टाकताना खेळणाऱ्याचा हात कापतो. हा काय प्रकार आहे आणि त्यात शिकण्याजोगे काय आहे, ते पाहू या.

खेळ फाशात कसा उतरला?

क्रिकेट जाणणाऱ्यास बेसबॉल परका वाटू नये. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात आणि सामन्यात नऊ डाव. एक खेळाडू चेंडू फेकतो, त्यास पिचर म्हणतात. समोरचा बॅटने तो टोलवू पाहतो. अशा प्रत्येक गाठीचा निकाल ठरावीक प्रकारांपैकी एक असतो. फलंदाज बाद होतो, एखादा टप्पा गाठतो, किंवा चेंडू मैदानापार धाडून ‘होम रन’ मिळवितो. शिवाय या खेळात प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवण्याची परंपरा फार जुनी आहे. एखाद्या खेळाडूने वर्षभरात किती वेळा काय केले हे आकड्यांनी सांगता आले, म्हणजे ते आकडे फाशांच्या भाषेत मांडणे अवघड राहत नाही.

ईथन ॲलन नावाच्या एका नामवंत खेळाडूने १९४१ साली पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांचा एक खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूची एक चकती. तिच्यावर त्याच्या कामगिरीप्रमाणे लहानमोठे भाग पाडलेले. मधोमध एक काटा फिरावयाचा, आणि तो ज्या भागावर थांबेल तो निकाल. होम रन मारण्यात तरबेज असलेल्याच्या चकतीवर त्या फटक्याचा भाग मोठा, इतरांच्या चकतीवर लहान. पुढे १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर गावी रिचर्ड साइट्झ यांनी ‘ॲपबा’ नावाचा खेळ विकावयास आरंभ केला. त्यात चकतीच्या जागी पत्ता आला आणि काट्याच्या जागी दोन फासे. एक फासा दशकाचा, दुसरा एककाचा असे धरले म्हणजे ११ पासून ६६ पर्यंत छत्तीस निकाल संभवतात.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले नाव म्हणजे हॅल रिचमन. त्यांना लहानपणापासूनच या हिशेबाचा नाद होता. त्यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ १९६१ साली बाहेर आला. येथे तीन फासे असतात. पहिल्या फाशावर एक, दोन किंवा तीन पडले तर फलंदाजाचा पत्ता पाहावयाचा. चार, पाच किंवा सहा पडले तर पिचरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या पत्त्यावरील ओळ दाखविते. दोन फाशांवर सात ही बेरीज छत्तीसांत सहा वेळा येते, तर दोन किंवा बारा ही बेरीज केवळ एकेकदाच. म्हणून कोणता निकाल कोणत्या ओळीत ठेवावयाचा, याचाच सारा हिशेब. या युक्तीमुळे सामन्यावर फलंदाज आणि पिचर या दोघांचाही सारखा हक्क राहिला.

त्याच सुमारास, १९६१ च्या आसपास, आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या जॉन बर्गेसन यांनी त्या कंपनीच्या १६२० या गणकयंत्राकडून बेसबॉलचा सामना खेळवून घेतला. आज याच वाटेने निघालेले संगणकीय खेळ एक संपूर्ण हंगाम काही मिनिटांत संपवितात.

थोर संघ हरतो तेव्हा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल स्पर्धेत एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. पूर्वी ही संख्या १५४ होती. इतके सामने खेळल्यावर कोण सरस हे बरेचसे ठरते. पण अजिंक्यपद मिळते ते मात्र शेवटच्या लहान मालिकांतून. त्यांतील शेवटची सात सामन्यांची. जो आधी चार जिंकेल तो विजेता.

येथेच घोटाळा आहे. समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा इतका सरस आहे की शंभर सामन्यांपैकी पंचावन्न तो जिंकेल. हा फरक काही लहान नाही. तरी गणित सांगते की सात सामन्यांची मालिका तो शंभरांपैकी सुमारे एकसष्ट वेळाच जिंकेल; उरलेल्या एकोणचाळीस वेळा दुबळा संघ हार गळ्यात घालून घरी जाईल. पाच सामन्यांच्या मालिकेत सरस संघाची संधी एकोणसाठ टक्के आणि तीन सामन्यांच्या मालिकेत साडेसत्तावन्न. दोन्ही संघ तंतोतंत तुल्यबळ असतील तर काय होईल? मालिका चार सामन्यांत आटोपण्याची शक्यता आठांत एक, पाच सामन्यांत चारांत एक, आणि सहा किंवा सात सामन्यांपर्यंत लांबण्याची शक्यता सारखीच, सोळांत पाच.

प्रत्यक्ष इतिहासही हेच सांगतो. १९०६ साली शिकागो कब्ज संघाने १५२ निकाली सामन्यांपैकी ११६ जिंकले, पण अंतिम मालिकेत त्याच शहरातील व्हाइट सॉक्स संघाने त्यांस चार विरुद्ध दोन असे हरविले. २००१ साली सिॲटल मरिनर्स संघानेही ११६ सामने जिंकले. त्यास तर अंतिम मालिकेपर्यंतही पोचता आले नाही. १९४६ साली बोस्टन रेड सॉक्स संघ सेंट लुईसकडून सातव्या सामन्यात हरला. हार्वर्ड विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर हे बोस्टनचे चाहते. त्यांनी या विषयावर एक निबंधच लिहून १९५२ साली प्रसिद्ध केला. सरस संघ अंतिम मालिका सुमारे ऐंशी टक्के वेळा जिंकत असावा, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे पाच वर्षांतून एकदा अजिंक्यपद चुकीच्या घरी जाते!

फाशांचे हंगाम खेळविणाऱ्यास हे सत्य पुस्तकातून शिकावे लागत नाही. उन्हाळाभर त्याने जपलेला आवडता संघ शरदात सहा रात्रींत गारद होतो, आणि त्यात कोणाचीच चूक नसते. पत्ते बरोबर होते, डावपेच बरोबर होते. फासेच तसे पडले.

कोणी पाहत नसताना

या छंदातील मला सर्वांत मनोज्ञ वाटणारा भाग वेगळाच आहे. अमेरिकेत टपालाने चालणाऱ्या अशा स्पर्धा पूर्वी पुष्कळ होत्या. दूरदूरच्या गावी राहणारे मित्र एकेका संघाचे व्यवस्थापक बनत. पाहुण्या संघाचा व्यवस्थापक आपल्या खेळाडूंचा क्रम आणि सूचना पत्राने कळवी. यजमान आपल्या घरी एकटाच बसून दोन्ही बाजूंचे फासे टाकी, आणि निकालाचा तक्ता टपालाने पाठवून देई. निर्णायक मालिकेचा सातवा सामना, रात्रीची वेळ, घरात सामसूम, आणि शेवटच्या डावात फासे आपल्याच संघाचा घात करतात. पुन्हा एकदा टाकले तर कोणास कळणार? तरी तो माणूस आपला पराभव स्वच्छ अक्षरात लिहून पाकीट बंद करतो. सारी स्पर्धा या एका विश्वासावर उभी असते. तो ढळला तर उरतात केवळ रंगीत पुठ्ठे.

अमेरिकन कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर यांनी १९६८ साली याच मोहावर एक कादंबरी लिहिली. तिचा नायक हेन्री वॉ हा हिशेबनीस. त्याने फाशांवर एक संपूर्ण बेसबॉल जग उभारले आहे. फाशांच्या एका क्रूर दानात त्याचा लाडका तरुण खेळाडू मरण पावतो. अखेर एके दिवशी हेन्री फासे टाकीत नाही, तर ज्याच्या हातून तो खेळाडू मेला त्याच्याविरुद्ध हवे ते दान हाताने मांडतो. त्या क्षणापासून त्याचे जग आणि त्याचे मन दोन्ही ढासळू लागतात. छंद आणि वेड यांमधील रेषा किती बारीक असते, याचे हे मार्मिक चित्र होय. प्रसिद्ध लेखक जॅक केरुॲक यांनीही बालपणापासून असाच एक काल्पनिक बेसबॉल जपला होता. मोटारींच्या नावांचे संघ, त्यांचे निकाल, त्यांची छोटी वृत्तपत्रे असा सारा संसार त्यांनी मोठेपणीही सोडला नाही.

आपल्या परंपरेला फाशांचा मोह नवा नाही. महाभारतातील नळ राजा द्यूतात सर्वस्व हरला. पुढे ऋतुपर्ण राजाने केवळ नजर टाकून बेहड्याच्या झाडावरील फळांची संख्या सांगितली. ती मोजून पाहिली तेव्हा खरी ठरली, आणि मग त्याने नळास फाशांचे रहस्य शिकविले. दैव आणि गणित यांचे नाते आपल्या पूर्वजांनी असे एका कथेत गुंफून ठेवले आहे.

खेळातून शास्त्र

हा केवळ रिकामा उद्योग आहे असे कोणी म्हणू नये. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम नावाचे गणिती आजारातून उठत असताना एकट्याने पत्त्यांचा डाव मांडीत होते. हा डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे जड. मग शंभर डाव खेळून मोजले तर? या विचारातून ‘मॉन्टे कार्लो’ ही गणनपद्धती जन्मास आली. आज शास्त्राच्या अनेक शाखांत तिचा उपयोग होतो. फाशांवर हजार मालिका खेळवून विजेता मोजणे हे तिचेच बालरूप होय.

आणि प्रसंगी हे बालरूप समाजाच्याही उपयोगी पडते. १९८१ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे बेसबॉल बंद होता, तेव्हा ठरलेल्या तारकासामन्याच्या दिवशी क्लीव्हलंडच्या रिकाम्या क्रीडांगणात फाशांवर तो सामना खेळविण्यात आला. २०२० साली महामारीमुळे २६ मार्चचा शुभारंभ हुकला आणि खरा खेळ २३ जुलैपर्यंत लांबला. मधल्या काळात घरी अडकलेले लोक संगणकावर खेळविलेल्या सामन्यांचे निकाल रोज वाचत होते.

वाचकांनी सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन एक प्रयोग करून पाहावा. दोन संघांना हवी ती नावे द्या. दोन फासे टाका; बेरीज सात किंवा त्याहून कमी आली तर बलवान संघ जिंकला, आठ किंवा अधिक आली तर दुबळा. आधी चार सामने जिंकेल त्याची मालिका. बलवानाकडे छत्तीसांपैकी एकवीस दाने आहेत. तरीही सरासरीने तीन मालिकांतून जवळजवळ एक दुबळाच जिंकेल. नऊ मालिका खेळा आणि निकाल वहीत मांडा. लिहिण्याचे काम हरणाऱ्याकडे द्या.

एका परीक्षेवरून मुलाची, एका मुलाखतीवरून उमेदवाराची आणि एका हंगामावरून शेतकऱ्याची पारख करण्याची घाई आपण नित्य करतो. सात सामन्यांत पुष्कळदा दैव बोलते, १६२ सामन्यांत गुण बोलू लागतो. एवढे जरी त्या वहीतून मुलांना उमगले, आणि हरल्यावर फासे पुन्हा न टाकता निकाल लिहिण्याची सवय लागली, तर कागदी मैदानावरील तो खेळ सार्थकी लागला असे समजावे.