विमानातले शेंगदाणे: हवेपेक्षा ट्रे सांभाळा

वसई-विरारमधून आखाती देशांत, युरोपात जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. घरातल्या मुलाला दाण्यांची ॲलर्जी असेल, तर तिकीट काढतानाच धास्ती सुरू होते: मागच्या रांगेत कुणी खाऱ्या दाण्यांचं पाकीट फोडलं तर? ही भीती बरीचशी हलकी करता येते. काळजी घ्यायची जागा मात्र दुसरी आहे.

वासाने ॲलर्जी होत नाही

ॲलर्जी उसळते ती दाण्यातल्या प्रथिनांमुळे. भाजक्या दाण्यांचा वास असतो सहज उडून जाणाऱ्या इतर रसायनांचा. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र ॲलर्जी असलेल्या 30 मुलांच्या चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर 10 मिनिटं पीनट बटर धरलं होतं. एकालाही श्वासाचा किंवा अंगभर त्रास झाला नाही. शेंगा सोलताना थोडी धूळ उडते, पण ती लवकर खाली बसते. मासळीचं तसं नाही. ती शिजताना प्रथिनं वाफेबरोबर हवेत जातात, त्यामुळे ॲलर्जी असलेल्याला स्वयंपाकघरातच त्रास होऊ शकतो.

केबिनमधली हवा

ती वरून येते, पायांजवळून बाहेर पडते आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदलते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने करवून घेतलेल्या आढाव्यातही या हवेतून दाण्यांची प्रथिनं पसरतात याला सबळ पुरावा मिळाला नाही.

धोका हाताला आणि तोंडाला

आधीच्या प्रवाशाच्या बोटांवरचं प्रथिन ट्रेला, हातकठड्याला, पट्ट्याच्या बकलला चिकटून राहतं. मूल तिथे हात लावून तोंडात घालतं. म्हणून बसताच हे सगळं ओल्या वाइप्सने पुसा, हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने प्रथिन निघत नाही.

खाण्याची जोखीम याहून मोठी. 2016 मध्ये लंडनहून नीसला जाताना 15 वर्षांची नताशा एडनान-लापेरूझ दगावली, ती विमानतळावर घेतलेल्या पावातल्या तिळामुळे. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. आपल्याकडे तर कूट भाजीत, चटणीत, साबुदाणा वड्यात, सगळीकडे असतं. तेव्हा मुलाचा डबा घरचाच न्या, नातेवाइकांनी प्रेमाने दिलेला खाऊही विचारूनच द्या.

इंजेक्शन हाताशी हवं

तीव्र ॲलर्जी उसळल्यावर टोचायच्या ॲड्रेनलिनची तयार पेनं भारतात सहजी मिळत नाहीत. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांकडून मुलाच्या वजनानुसार मात्रा लिहून घ्या, ॲम्प्यूल आणि सिरिंज वापरायला प्रत्यक्ष शिका. चिठ्ठीसह ते समोरच्या सीटखालच्या पिशवीत ठेवा, चेक-इन सामानात नको. हायवेच्या कोंडीत तापलेल्या गाडीतही ते सोडू नका, उष्णतेने औषधाचा गुण कमी होतो. दमा असेल तर तो प्रवासाआधी आटोक्यात आणा.

अंगावर गांधी उठून उलट्या होऊ लागल्या किंवा श्वास लागला, तर ॲलर्जीच्या गोळीची वाट पाहू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच इंजेक्शन द्या, मुलाला आडवं ठेवा (धाप लागली असेल तर बसवा), उभं करू नका. केबिन क्रूला सांगून विमानात डॉक्टर आहेत का, याची घोषणा करायला लावा. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा द्यावी लागते, म्हणून निघतानाच दोन ॲम्प्यूल बरोबर घ्या.