विश्लेषण : फास रिकामा असला, तरी ती शिकारच!
बोरिवली, मुलुंडला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हिवाळा हा सांबरांच्या मिलनाचा हंगाम. एरवी दिवसा दाट झाडीत बसून राहणारा नर या काळात माद्यांच्या मागे फिरतो. त्याची सावधगिरी कमी होते. त्यामुळे बसण्याच्या जागेजवळ, नेहमीच्या वाटेवर लावलेला तारेचा फास घातक ठरतो. त्याच वाटेने येणारा बिबट्याही त्यात अडकू शकतो.

कायदा काय सांगतो? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार फास लावणे, तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. राष्ट्रीय उद्यानातील शिकारीला ३ ते ७ वर्षे कैदेची तरतूद आहे.

फास दिसला तर? प्राणी अडकला असेल तर जवळ जाऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.