हृदयाचा पहारेकरी

मनगटावर बोटें ठेवून नाडी मोजिली, म्हणजे प्रौढ मनुष्याचें हृदय मिनिटाला सुमारें ७२ ठोके देतें असें आढळतें. दिवसाचा हिशेब केला तर हा आंकडा १ लाखावर जातो. पण हें अखंड काम हृदय कोणाच्या हुकमानें करतें? हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. कीथ व फ्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं त्याचें वर्णन केलें. तेथें विजेची सूक्ष्म प्रेरणा उत्पन्न होते, ती खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोंचते आणि हृदय आकुंचन पावतें. हा पुंजका थकला किंवा प्रेरणेची वाट मध्येंच तुटली, म्हणजे ठोके मंद व अनियमित होतात. मेंदूस रक्त कमी पडतें, आणि मनुष्य चालतां चालतां घेरी येऊन पडतो.

स्वीडन देशांतील आर्ने लार्सन या गृहस्थांस अशा घेऱ्या दिवसांतून अनेक वेळां येत. औषधांचा इलाज चालेना, तेव्हां त्यांच्या पत्नीनें शल्यवैद्य सेनिंग व अभियंता एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरविला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें लार्सन यांच्या शरीरांत पहिला पेसमेकर बसविण्यांत आला. बूटपॉलिशच्या डबीचा सांचा करून ओतलेलें तें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें! तरी कोणी धीर सोडिला नाहीं. वेळोवेळीं नवीं यंत्रें बसवीत लार्सन २००१ सालापर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत, जगले. ज्यांनीं त्यांस वांचविलें त्या दोघांच्याहि मागें ते राहिले.

आजचा पेसमेकर तळहातावर सहज मावतो. तो बहुधा खांद्याजवळ कातडीखालीं ठेवितात व त्याची तार शिरेंतून हृदयापर्यंत नेतात. तो पहारेकऱ्याप्रमाणें ठोके ऐकत राहतो. ठोका वेळेवर पडला तर स्वस्थ बसतो, चुकला तरच प्रेरणा देतो. त्याची बॅटरी साधारणतः ८ ते १२ वर्षें टिकते. मग लहानशी शस्त्रक्रिया करून यंत्र बदलतात. मात्र मंद हृदयास गति देणें एवढेंच त्याचें काम. वेगानें धांवणारें हृदय तो थोपवीत नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं दिलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊं नये व जड ओझें उचलूं नये. तार सरकण्याचा संभव असतो. पुढें पंखा, रेडिओ, इस्त्री, मिक्सर यांची भीति नाहीं. मोबाइल छातीवरील खिशांत न ठेवितां यंत्रापासून वीतभर दूर ठेवावा. मोठें लोहचुंबक व वेल्डिंग यांपासून जपावें. एमआरआय तपासणीपूर्वीं व विमानतळावर पेसमेकरचें कार्ड दाखवावें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांस पेसमेकर बसविला. त्या दिवसापासून त्यांची बाजारची फेरी बंद झाली. नातवंडांना त्यांच्या गळ्यांत पडण्याची मनाई झाली. हृदय नियमित चालूं लागलें, पण आजोबा खुर्चींत बसून उदास झाले. पुढील तपासणीच्या वेळीं डॉक्टर घरच्या मंडळींस म्हणाले, "यंत्र बसविलें तें आजोबांनीं चालावें म्हणून, त्यांना बसवून ठेवण्यासाठीं नव्हे." दुसऱ्या दिवशीं पिशवी घेऊन आजोबा निघाले, बरोबर नातू होता.

विद्यार्थिमित्रहो, नाडी मोजण्यास आजच शिका. घरांतील अशा वडील माणसास घेरी आली, दम लागला, किंवा यंत्राच्या जागीं सूज वा लाली दिसली, तर विलंब न लावितां डॉक्टरांस कळवा. एरवीं त्यांच्याकडे भीतीनें पाहूं नका. हृदयावर पहारा ठेवण्यास यंत्र समर्थ आहे. बाजारापर्यंत सोबत करणें मात्र तुमचेंच काम आहे.