ऊसपट्ट्यातून जिनिव्हाकडे : आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्यांपुढील संधी

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला दिल्ली, न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा गाठल्यावाचून तरणोपाय नाही, हा समज ग्रामीण महाराष्ट्रात घट्ट रुजलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. ग्रंथालये, मार्गदर्शक आणि नोकऱ्या मोठ्या शहरांत आहेत, हे मान्यच करावे लागते. परंतु संशोधनाला ज्याच्यावाचून सुरुवातच होत नाही तो प्रश्न मात्र सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या कारखान्याच्या गावी कित्येक दशके मुक्काम ठोकून आहे.

शिक्षणाच्या रूढ वाटा थोडक्यात सांगता येतात. दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये १९५५ साली सुरू झालेली आणि १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालेली आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था, पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आणि मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग ही परिचित ठिकाणे होत. परराष्ट्र मंत्रालय इंटर्नशिप, म्हणजे उमेदवारीचे प्रशिक्षण, देते आणि निवडीत सर्व राज्यांना वाटा मिळावा असे धोरण ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिप मात्र बिनपगारी असल्याने, न्यूयॉर्कचे घरभाडे लक्षात घेता, शेतकरी कुटुंबातील मुलामुलींना तिचा उपयोग शोभेपुरताच. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा आणि फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तर अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. या सर्व ठिकाणी अर्जासोबत अभ्यासाचा हेतू लिहून द्यावा लागतो आणि बहुसंख्य अर्जदार तेथे जागतिक शांततेविषयी गुळगुळीत वाक्ये लिहून मोकळे होतात. श्रीपूरच्या विद्यार्थ्याला साखरेविषयी लिहिता येईल.

साखर हा आंतरराष्ट्रीय राजकारणाचा विषय कसा, हे श्रीपूरच्या स्थापनेतच दिसते. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानच्या बाजारात डच वसाहत असलेल्या जावा बेटाची साखर मोठ्या प्रमाणावर येत असे. टॅरिफ बोर्डाने, म्हणजे आयात शुल्काविषयी सल्ला देणाऱ्या सरकारी मंडळाने, देशी उद्योगाला संरक्षण देण्याची शिफारस केली आणि १९३२ साली साखर उद्योग संरक्षण कायदा झाला. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच देशभर कारखान्यांचे पीक आले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट, जिच्या कारखान्यामुळे श्रीपूर नकाशावर आले, ती याच लाटेतली. नीरा उजव्या कालव्याचे पाणी नसते तर येथे ऊस उभा राहिला नसता हे जितके खरे, तितकेच जावाच्या साखरेवर जबर शुल्क बसले नसते तर चिमणी उभी राहिली नसती हेही खरे. पुढे १९३७ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय साखर कराराने हिंदुस्थानला, ब्रह्मदेशाचा अपवाद वगळता, समुद्रमार्गे साखर निर्यात करण्यास मज्जाव केला; ज्या देशाने नुकतेच साखरेत स्वावलंबन मिळवले होते त्याच्यावर साम्राज्याच्या राजधानीत बसून घातलेले हे बंधन वसाहतकालीन व्यापारनीतीचा उत्तम नमुना असूनही आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत ते क्वचितच भेटते.

याच कथेचा ताजा अध्याय जिनिव्हात घडला. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. त्यांचे म्हणणे असे की, भारत उसाला देतो ते साहाय्य कृषी करारातील मर्यादेबाहेर जाते आणि साखर निर्यातीला दिलेले अनुदानही नियमबाह्य आहे. विकसनशील देशांना एखाद्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत असे साहाय्य करण्याची मुभा आहे. भारताचा प्रतिवाद लक्षणीय होता : रास्त व किफायतशीर दर, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली एफआरपी, सरकार ठरवत असले तरी ती कारखाने देतात, सरकारी तिजोरीतून दमडीही जात नाही, तेव्हा याला सरकारी साहाय्य म्हणताच येणार नाही. तंटा सोडवण्यासाठी नेमलेल्या पॅनेलने १४ डिसेंबर २०२१ रोजीच्या अहवालात हा युक्तिवाद फेटाळला आणि २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने मर्यादा ओलांडली, असा निष्कर्ष दिला. भारताने अपील केले. परंतु अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्याने अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच निकाल देण्याच्या अवस्थेत नव्हते, त्यामुळे ते अपील पोकळीत लटकले. हरलेल्या पक्षाने बंद न्यायालयात दाद मागावी आणि त्यातच निभावून जावे, हा प्रकार कायद्याच्या दृष्टीने अस्वस्थ करणारा असला तरी ऊस उत्पादकाच्या बाजूने पाहता तो भारताने खेळलेला शहाणपणाचा डाव होता.

आता या वादाच्या कागदपत्रांशेजारी श्रीपूरच्या वजनकाट्यावरची पावती ठेवून पाहावी. तीवर उसाची जात असते, बहुधा को ८६०३२ किंवा कोएम ०२६५. भरलेल्या ट्रॉलीचे वजन, रिकाम्या ट्रॉलीचे वजन आणि शेवटी निव्वळ वजन असते. उसाचे पैसे मात्र केवळ वजनावर ठरत नाहीत, तर उताऱ्यावर, म्हणजे गाळलेल्या उसातून मिळणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर ठरतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर जाहीर केला. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात शेतकरी आणि कारखानदार यांच्या संयुक्त मंडळाच्या सूत्राने उसाचा दर साखर व इथेनॉल यांच्या बाजारभावाशी जोडलेला असतो. भारतातही रंगराजन समितीने २०१२ मध्ये महसूल वाटून घेण्याची अशीच पद्धत सुचवली होती. दोन देशांच्या या दोन पद्धतींची तुलना करणारा प्रबंध दिल्लीच्या वसतिगृहात बसूनही लिहिता येईल, पण शेतकी खात्यातील गटप्रमुख, तोडणी मुकादम आणि सभासद यांच्याशी हंगामभर बोललेल्या विद्यार्थ्याची सर त्याला येणार नाही.

ब्राझीलचा अभ्यास करायचा तर पोर्तुगीज भाषा हवी, आणि ती शिकण्यासाठी लिस्बन गाठण्याची गरज नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे आणि पणजीतही या भाषेचे वर्ग चालतात. परकी भाषा ही अभ्यासक्रमाबाहेरची हौस समजली जाते, ही मोठी चूक होय. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथे चिनी शिकले आणि कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा सांभाळण्यापर्यंत पोहोचले. भाषेवाचून ते पाहुणे डॉक्टरच राहिले असते.

अभ्यासेतर उपक्रमांत सध्या अभिरूप संयुक्त राष्ट्रसभांची चलती आहे. विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन चर्चा करण्याचा हा उपक्रम चांगलाच. परंतु प्रवेशशुल्क, सूटबूट आणि पुस्तकी इंग्रजी यांच्या भाराखाली त्याचे पुष्कळदा नाटक होते. त्यापेक्षा अकलूज किंवा पंढरपूरच्या महाविद्यालयाने साखरतंट्याची अभिरूप सुनावणी मराठीत घ्यावी, चार गटांना चार देश वाटून द्यावेत आणि पॅनेलवर एखादा ऊस उत्पादक बसवावा. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी जागतिक व्यापार कायद्यावरची जॉन एच. जॅक्सन अभिरूप न्यायालय स्पर्धा आहे. दिल्लीतील भारतीय विदेश व्यापार संस्थेचे जागतिक व्यापार संघटना अध्ययन केंद्रही पाहण्याजोगे आहे. तंट्यांचे अहवाल संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य असून भारताविरुद्धच्या या तीन तक्रारींचे क्रमांक ५७९, ५८० आणि ५८१ असे आहेत. परदेशी शिष्यवृत्त्यांच्या मुदती दरवर्षी बदलतात, त्या मूळ संकेतस्थळावरच पाहाव्यात. आणि दिवाळीनंतर गाळप सुरू होत असल्याने, ज्यांना या विषयावर प्रबंध करायचा आहे त्यांनी आराखडा तत्पूर्वी लिहून कारखान्याच्या शेतकी खात्याकडे भेटीची परवानगी मागावी.