लाकडाचा डेपो आणि धनेशाची ढोली

दांडेली हे थंड हवेचं ठिकाण नाही. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम दीड हजार फूट. एप्रिलात घामाने रुमाल भिजतो, आणि गावात मुक्काम केला की कागद गिरणी नजरेआड होत नाही. महाबळेश्वर-माथेरानची सवय झालेला माणूस इथे उतरला की जरा गोंधळतो. पॉइंट कुठे, घोडे कुठे, चिक्कीची दुकानं कुठे? तसलं इथे काही नाही. हे कामगारांचं गाव आहे, फक्त ते जंगलाच्या मधोमध वसलंय. गंमत अशी, की इथे पाहण्यासारख्या बऱ्याच जागा त्या उद्योगांनीच मागे ठेवल्या आहेत. हे लक्षात घेऊन गेलं तर दांडेली समजते. नाहीतर रिसॉर्टचा तरणतलाव आणि रात्रीची शेकोटी एवढंच पदरी पडतं.

दांडेलीचा उत्तर कन्नड जिल्हा, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत कारवार जिल्हा, १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. हल्याळ-जोयडा भागात मराठी आणि कोकणी आजही घरोघरी बोलली जाते, त्यामुळे भाषेवाचून आपलं अडत नाही. इंग्रजांना इथे खेचून आणलं ते सागवानाने. लाकूड बाहेर नेण्यासाठी अळणावरहून दांडेलीकडे रेल्वेचा फाटा घातला गेला. पुढे प्लायवूडचा कारखाना आला, १९५५ मध्ये वेस्ट कोस्ट पेपर मिल्सची स्थापना झाली. लाकूड होतंच, बांबूही होता, आणि काळी नदीचं पाणी तर दाराशीच. गाव वाढलं ते यांच्या जिवावर. कागद गिरणीच्या सांडपाण्यावरून वादही झाले, पण तो वेगळा विषय.

नदीचं सांगायला हवं, कारण दांडेलीचं नाव सगळीकडे झालं ते राफ्टिंगमुळे. काळी नदी जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटरचा प्रवास करून कारवारला समुद्राला मिळते. तिच्यावर गणेशगुडीला सुपा धरण आहे. उंची १०१ मीटर, साठा सुमारे १४५ टीएमसी. कोयनेचा साठा १०५ टीएमसी आहे, म्हणजे अंदाज येईल. या पाण्याखाली सुपा हे तालुक्याचं मूळ गाव गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं, आणि रामनगरला उतरलेल्या अनेक कुटुंबांची मुळं त्या बुडालेल्या गावात आहेत.

आता राफ्टिंगचं गणित. सह्याद्रीतल्या नद्या मार्च-एप्रिलात खडकांतून कशाबशा वाट काढत असतात, मग काळीलाच भर उन्हाळ्यात खळाळ कुठून येतो? उत्तर धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात आहे. जनित्रं फिरली की पाणी खाली सुटतं, आणि त्या पाण्यावर रबरी होड्या मौळंगीच्या दिशेने निघतात. हिमालयात बर्फ वितळतं म्हणून नदी धावते. इथे राज्यात कुठेतरी पंखे आणि पंप चालू होतात म्हणून धावते. विजेची मागणी नसली तर होडीवाले काठावर बसून राहतात. पावसाळ्यात हा खेळ बंद असतो. मजा येते हे खरं. पण चारशे किलोमीटर गाडी मारून फक्त त्या दोन-तीन तासांसाठी इथे येणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

गणेशगुडीतच ‘ओल्ड मॅगझिन हाउस’ नावाची जागा आहे. धरण बांधताना खडक फोडण्यासाठी जी स्फोटकं लागत, त्यांचं हे कोठार. वस्तीपासून दूर आणि गर्द झाडीत असणं ही कोठाराची गरज होती, आणि नेमकी तीच गोष्ट पाखरांच्या पथ्यावर पडली. आता तिथे पक्ष्यांसाठी छोट्या कुंड्यांत पाणी ठेवतात. उन्हाळ्याच्या दुपारी गप्प बसून राहिलं तर बुलबुल, कस्तुर, शामा, स्वर्गीय नर्तक पाळीपाळीने आंघोळीला येतात. ज्यांना पक्ष्यांमागे रानोमाळ हिंडणं झेपत नाही, त्या आजी-आजोबांसाठी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

तरीही दांडेलीत एकच गोष्ट पाहायची असेल तर ती धनेश. भारतात धनेशाच्या नऊ जाती आहेत, त्यांतल्या चार इथे आढळतात: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि आपला साधा राखी धनेश. यांतला कवड्या पाहायला लोक कुठे जातात, तर वनखात्याच्या लाकूड डेपोत. सकाळी लवकर गेलात तर ओंडक्यांच्या थप्प्या अजून दवाने ओल्या असतात, कापलेल्या तोंडांवर रंगाने आकडे टाकलेले असतात, आणि त्या थप्प्यांवर काळे-पांढरे, पिवळट चोचीवर शिंगासारखा टोप असलेले पक्षी बसलेले असतात. मध्येच एखादा खाली उतरतो, धुळीत अंग घुसळतो, पिसं झाडतो आणि पुन्हा वर जाऊन बसतो. महाधनेश मात्र असा सहज हाती लागत नाही. तो आधी ऐकू येतो. धनेशांच्या पंखांच्या खालच्या बाजूला पिसांच्या देठांवर आच्छादन नसतं, त्यामुळे त्यांतून हवा घुसते आणि प्रत्येक फटकाऱ्याला वाफेच्या इंजिनासारखा हुसकारा येतो. मान वर करेपर्यंत पक्षी पलीकडच्या झाडांआड गेलेला असतो.

या पक्ष्याचा संसार अजब आहे. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा चोथा यांनी तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. अंडी उबवेपर्यंत आणि पुढेही काही आठवडे ती आतच असते. नर वड, उंबर, नांद्रुकाची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक काढून फटीतून देतो. त्या काळात मादीची उडण्याची पिसंही गळतात, म्हणजे तिचा सगळा भार त्या एका नरावर. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला आयती लागते, आणि तशी ढोली म्हाताऱ्या, प्रचंड झाडातच सापडते. तीच ती ढोली तो वर्षानुवर्षं वापरतो. पोकळ झाड लाकूड व्यापाऱ्याच्या हिशेबी कवडीमोल, पण धनेशाचा सगळा वंश त्यावर. खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकत जातो, त्यामुळे पुढचं जंगलही काही अंशी त्याच्याच हातचं. २०११ मध्ये कर्नाटक सरकारने दांडेलीच्या आसपासचं सुमारे ५२ चौरस किलोमीटर रान खास धनेशासाठी राखीव केलं. लाकडावर पोसलेल्या गावाने पोकळ झाडांची राखण करावी, हा बदल मला राफ्टिंगहून मोठा वाटतो.

बाकीचं थोडक्यात. दांडेली-अंशी व्याघ्रप्रकल्प २००७ मध्ये झाला, २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्रप्रकल्प. जीपची सफारी मिळते, पण जंगल दाट असल्याने वाघ दिसण्याची आशा धरू नका. इथला लौकिक आहे काळ्या बिबट्याचा, आणि तोही नशिबाचा भाग. रानगवे, सांबर, शेकरू दिसतात. कवळ्याच्या गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने तयार झालेलं लिंग आहे, शिवरात्रीला तिथे गर्दी उसळते. सिंथेरी रॉक हा कानेरी नदीकाठचा ताशीव कडा, कपारींत आग्या मोहोळं. तिथे परफ्यूम मारून आणि आरडाओरडा करत जाऊ नये, हे सांगावं लागू नये. उळवीला लिंगायतांचे संत चन्नबसवण्णा यांची समाधी आहे. पोहोचेपर्यंतचा रस्ताच पाहण्याजोगा.

बेळगावहून खानापूर-अळणावर-हल्याळ या वाटेने किंवा रामनगर-गणेशगुडी करत दोन-अडीच तासांत पोहोचता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. फेब्रुवारी ते मे हा धनेशांच्या घरट्यांचा काळ, आणि त्याबद्दल एक विनंती. वाटाड्या घरट्याच्या झाडापर्यंत नेतो म्हणाला तरी खोडाजवळ जाऊ नका, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. माणसं खाली उभी दिसली की नर फळं घेऊन तसाच मागे फिरतो, आणि आत कोंडलेली मादी आणि पिल्लं तेवढा वेळ उपाशी राहतात. फोटो हवाच असेल तर लाकूड डेपो आहे. तिथला कवड्या धनेश माणसांना सरावलेला आहे.